भट्टीसमोरची डावी बाजू

आमच्याकडं भट्टीचा जाळ डोळ्यांनी बघून ठरवत नाहीत, अंगाला कसा लागतो त्यावर ठरवतात. खव्याच्या कढईपुढं पाटावर बसलं की धग आधी छातीला लागते, मग तोंडाला. छातीला सोसवेना झालं की एक लाकूड मागं ओढायचं, धग कमी वाटली की आत सारायचं. हे कुणी शिकवत नाही. भूमजवळच्या एका गावात मी सून म्हणून आले, सासूशेजारी पाट टाकून बसले आणि आपोआप शिकले.

हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. तो स्तन काढला आणि त्याच ऑपरेशनमध्ये पोटाचं मांस घेऊन तिथं नवा तयार केला. कॅन्सर आता नाही. ऑपरेशनच्या आधी मी ज्या ज्या बाईला विचारलं तिनं एकतर 'काही होत नाही' म्हणून सांगितलं, नाहीतर डोळ्याला पदर लावला. मला दोन्हींचा उपयोग झाला नाही. म्हणून जे झालं ते लिहिते. शहाणपण सांगायला बसलेली नाही.

गुडघ्यापाशी

खवा घोटताना आम्ही एक गुडघा उभा करून बसतो. पुढं वाकलं की छाती त्या गुडघ्यावर टेकते. एका सकाळी अशी टेकले आणि मधे काहीतरी टोचलं, पदरात हरभऱ्याचा दाणा अडकावा तसं. पदर झटकला. परत वाकले, परत तेच. मग हात घालून बघितलं. दाणा पदरात नव्हता.

भूमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सोलापूरला पाठवलं. तिथं सुई घालून तुकडा काढला. रिपोर्ट घ्यायला गेलो त्या दिवशी आमचे मालक डॉक्टरांच्या खोलीत एकटेच शिरले. मला म्हणाले, "तू बस हितं, गर्दी हाय." आत गर्दी नव्हती. दारही नीट लागत नव्हतं, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"डॉक्टरसाहेब, तिला न्हाय सांगायचं. साधी गाठ हाय म्हणून सांगा."

"अहो, त्यांना मोठी औषधं द्यायची आहेत. केस जातील. तेव्हा काय सांगायचं?"

"तवाचं तवा बघू."

मी दार ढकलून आत गेले आणि खुर्चीवर बसले. म्हटलं, "मलाच सांगा. घरी दूध येऊन पडलंय."

डॉक्टरांनी सांगितलं. मी ऐकत होते, पण डोक्यात दुधाचंच चाललं होतं. धाकट्या जावेनं, रेखानं, सगळं एकाच कढईत ओतलं असेल का, जाळ कोण बघत असेल. एवढी मोठी गोष्ट ऐकताना माणसाला असलं काहीतरी सुचतं, याचं नंतर नवल वाटलं. मालक मधेच उठले. "चहा आणतो," म्हणाले आणि गेले ते आलेच नाहीत. मी खाली गेले तर फाटकापाशी दोन्ही हातांत दोन कप धरून उभे होते. दोन्ही कपांवर साय आली होती.

"गार झाला की," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. तोच गार चहा आम्ही प्यालो.

परतीच्या एसटीत मी मनात यादी करत होते, कुणाला काय सांगायचं, भट्टीवर कुणाला बसवायचं. बार्शी येईपर्यंत ते संपलं. नंतर विचार करायला काही उरलं नाही, कारण बाकी कशातच माझ्या हातात काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी रिकाम्या हातानं बसले आणि बाहेर बघत राहिले.

पोटाचं की पाठीचं

आधी सलाइनमधून औषधं झाली. केस गेले, तोंड आलं, ते सगळ्यांचं होतं तसंच झालं. मग ऑपरेशनची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. नुसता काढायचा आणि छाती सपाट ठेवायची. नाहीतर काढून लगेच नवा करायचा. त्यासाठी वेगळ्या सर्जनबाई होत्या. मालकांनी घरी सांगितलं की प्लास्टिक सर्जन येणार आहेत. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, तिथंच ताडकन उठल्या.

"पलास्टिकचं बसवायलेत व्हय तिला? भट्टीपुढं बसती ती. वितळंल की!"

"न्हाय ओ आत्याबाई, माझ्याच पोटाचं घेणारेत."

"पोटाचं काढून छातीला? आणि ह्या वयात कशाला गं? दोन लेकरं पाजून झाली. आता कुणाला दाखवायचंय?"

याचं उत्तर मला घरात देता आलं नाही. दाखवायचं कुणालाच नव्हतं. माझं कारण वेगळं होतं. सलाइनच्या औषधांच्या वेळी वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर नळदुर्गच्या रजियाआपा होत्या. त्यांचा हायवेला ढाबा. त्यांचा स्तन आधीच काढलेला, परत काही करायला त्या तयार नव्हत्या. ब्लाउजमध्ये सुती कापडाचा गोळा शिवून ठेवायच्या. दिसायला काही कळत नसे. पण एकदा चप्पल शोधायला खाटेखाली वाकल्या आणि गोळा खाली पडून घरंगळत गेला. त्या इतक्या हसल्या की नर्स धावत आली. मीही हसले. मग मला माझी कढई दिसली. दिवसभर वाकून घोटायचं काम माझं. खव्यात कापडाचा गोळा पडला तर गिऱ्हाइकाला काय सांगू?

एवढंच कारण होतं. निदान तेव्हा मला एवढंच माहीत होतं.

सर्जनबाईंनी विचारलं, "पाठीचा स्नायू पण वापरता येतो. तुम्ही काम काय करता?"

"खवा घोटते."

"म्हणजे हात किती चालतो?"

मी खुर्चीवर बसून दाखवलं, उलथणं कसं धरतात आणि कढईच्या तळातून कसं ओढतात. त्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग पाठ नको. पोटाचं घेऊ." मला बरं वाटलं. माझ्या कामाचा विचार करून कुणीतरी काहीतरी ठरवलं होतं. त्या आजारात तसं एवढ्या एकाच वेळी झालं.

सूं सूं

ऑपरेशननंतर सगळ्यात त्रास पोटाच्या टाक्यांचा. सरळ उभं राहता येत नाही. मला कंबरेतून वाकून चालायला लावायचे. औषधांसाठी परत आलेल्या रजियाआपा खाटेवरून म्हणायच्या, "अल्ला, लताबाई, तुमी तर चालता चालता खवा घोटायलाव!" हसलं की टाके ओढायचे, म्हणून मी त्यांच्याकडं बघायचंच टाळायचे.

नवा स्तन जगतोय की नाही हे नर्स सारखं तपासायची. बोटानं दाबून रंग बघायची. मग एक पेनाएवढं यंत्र लावायची, त्यातून आतल्या रक्ताचा आवाज यायचा, सूं सूं सूं. आवाज आला की ती खूश, सर्जनबाई खूश, मालक बाहेर जाऊन फोनवर सगळ्यांना सांगायचे, "चालूय, चालूय." कालव्याचं पाणी सुटल्यासारखं. मी मात्र पडून असायचे. त्या जागी मला बोट कळत नव्हतं, यंत्र कळत नव्हतं. सगळ्यांना ऐकू येत होतं, मला काही लागत नव्हतं. दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला माझ्या अंगावर ठेवलीय असं वाटायचं.

घरी सोडताना सर्जनबाई खाटेवर बसल्या. "तिथं बधिर राहील. काहींना दीड-दोन वर्षांनी थोडं कळायला लागतं, काहींना कळतच नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, शेक घ्यायचा नाही, उन्हात बसायचं नाही. लक्षात राहील?"

मी मान हलवली. शेक कोण घेतंय, मला वाटलं. बधिर म्हणजे दुखणार नाही एवढाच अर्थ मी घेतला. भट्टीचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. आमच्याकडं भट्टीपुढं बसणं म्हणजे शेक घेणं असं कुणी म्हणत नाही. ते काम आहे.

खूप समाधानी

पुढच्या तपासणीला एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं मला बाजूला बसवून प्रश्न विचारले. कपडे घातल्यावर कसं दिसतं? आरशात बघताना कसं वाटतं? हे अंग आपलंच वाटतं का? प्रत्येकाला उत्तरं ठरलेली, खूप समाधानी, थोड्या समाधानी, असमाधानी. मुलगी घाईत होती आणि माझी एसटी होती. मी सगळ्याला खूप समाधानी सांगून टाकलं.

खरं सांगायचं तर अर्धं खरं होतं. ब्लाउज बसत होते. दोन्ही बाजू सारख्या. लग्नाला गेले तर बायका आधी माझ्या छातीकडं बघायच्या, मग तोंडाकडं, आणि त्यांना काही सापडायचं नाही. रेखा म्हणाली, "ताई, पोटबी आत गेलं की तुमचं. मला बी सांगा डॉक्टरचं नाव." त्या दिवशी मी घरी येऊन आरशापुढं जरा जास्त वेळ उभी राहिले. दाखवायचं कुणाला, या आत्याबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. मला बघायचं होतं.

पण न्हाणीत ते वेगळं. पुढचं टोक नाही, आडवी रेघ आहे. साबण लावताना हात येऊन जातो आणि कळतं फक्त हाताला. आणि मालकांनी तिकडं बघितलं नव्हतं. एकदाही नाही. मी कपडे बदलायला लागले की ते उठून गुरांकडं जायचे. गुरांना त्या काळात पाणी फार मिळालं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अशा गोष्टी विचारून सरळ होत नाहीत, असं माझं मत होतं.

काय जळायलंय?

नवरात्र आलं. तुळजापूरला पेढा लागतो, त्यामुळं आमच्याकडच्या सगळ्या भट्ट्या पेटलेल्या. रेखाचा खवा सारखा तळाला लागत होता आणि व्यापारी वास घेऊन परत करत होता. मालक म्हणाले, मशीन घेऊ या, फिरत राहील आपलं. मी म्हटलं, मशीनच्या खव्याला दाणा येत नाही. हे खरं आहे. पण मला बसायचं होतं, हेही खरं. आजारी पडल्यापासून मी नुसती तपासली गेले होते. मला काहीतरी स्वतःच्या हातानं आटवायचं होतं.

पाट टाकला. गुडघा उभा केला. पोटाला ओढ बसली, पण जमलं. दूध आटायला लागलं, हात आपोआप फिरायला लागला. किती दिवसांनी मी काही विसरले होते. आमच्या पाटावर बसलं की कढईचा काठ बरोबर छातीपाशी येतो. पलीकडच्या कडेला चिकटलेलं खरवडायला पुढं झुकावं लागतं. त्या वेळी काठ जवळ आला की छातीला चटका जाणवतो आणि माणूस मागं होतो. विचार करावा लागत नाही. अख्ख्या आयुष्यात मी कधी विचार केला नव्हता.

रेखानं नाक वर केलं. "ताई, लागला का हो?"

"न्हाय. तळ मोकळाय."

"मग काय जळायलंय?"

मी उलथणं तळातून फिरवलं. खवा स्वच्छ होता. आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, "चिंधी गेली असंल चुलीत. बघा." रेखानं जाळ उकरून बघितला. मी लाकडं मागं ओढली. पोतं पेटलं का म्हणून तिनं मागं बघितलं. तिघी मिळून शोधत होतो. वास वाढत चालला, आधी कापडाचा आणि मग दुसराच. मी परत पलीकडची कड खरवडायला झुकले. रेखा माझ्यासमोर होती. तिचा चेहरा बदलला.

"ताई, तुमी! तुमचं जळायलंय!"

मी खाली बघितलं. पदर आणि ब्लाउज काठाला चिकटले होते. मी मागं झाले तेव्हा कापड तिथंच राहिलं आणि त्याच्याबरोबर थोडं माझंही. मला काहीही कळलं नव्हतं. मी ओरडले नाही, कारण ओरडण्यासारखं काही लागलंच नाही. ती सगळ्यात वाईट गोष्ट. आजही डोळे मिटले की चटका आठवत नाही, आठवायला तो नाहीच. रेखाचं तोंड तेवढं आठवतं.

आत्याबाईंनी घागर माझ्यावर ओतली. रेखानं मालकांना हाक मारली. मी म्हटलं, "खवा उतरवा आधी." तो उतरवायला कुणी हललं नाही. मग खरंच लागला.

मालक आले. भाजण्यात आमच्याकडं सगळेच जाणते, कुणाचा हात, कुणाचा पाय, चालूच असतं. त्यांनी मला बाजेवर बसवलं, ब्लाउजचा उरलेला तुकडा बाजूला केला आणि वाकून बघितलं. पहिल्यांदा बघितलं. अगदी जवळून, भाजलेलं बघतात तसं.

"दुखतंय का?"

"न्हाय."

"खरं सांग."

"अहो, न्हाय दुखत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग त्यांचे डोळे भरले. मी ओरडले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

बघू या

सर्जनबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला आधार वाटला असता. त्यांनी फक्त विचारलं, "भट्टी म्हणजे अशी असते हे मला त्या दिवशी का नाही सांगितलं? बसून दाखवलंत, तेव्हा मी हातच बघत होते." मग स्वतःशीच म्हणाल्या, "मीही विचारायला हवं होतं."

खालची कड काळी पडली होती. पोटाच्या कातडीला तिथं नवीनच रक्त मिळायला लागलेलं, ते जपून चालणारं. साधी कातडी अशी लवकर भरून येते, ही येईल की नाही सांगता येत नव्हतं. काळं वाढत गेलं तर सगळा काढावा लागणार होता. थांबलं तर तेवढाच भाग जाणार होता.

"मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही काही करायचं नाही. आपण बघू या."

बघू या. मला याच्यापेक्षा कडू औषध चाललं असतं, इंजेक्शन चाललं असतं, पथ्य चाललं असतं. जेवू नका म्हणाल्या असत्या तर मी जेवले नसते. बघू या याला काय करतात? घरी येऊन मी बाजेवर बसून राहायचे. भट्टी बंद. दूध डेअरीला जायला लागलं. मालक रोज पट्टी बदलायचे. उकळून गार केलेलं पाणी, कापूस, मलम, हात धुऊन. मग वाकून काळ्याची कड बघायचे. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचे, कारण मला तिथून काहीच कळत नव्हतं. वाढलंय की थांबलंय ही माझ्या अंगाची बातमी मला त्यांच्या कपाळावरून वाचावी लागायची.

एक दिवस मी म्हटलं, "गेलं तर गेलं. जीव तर हाय."

ते कापूस बुडवत म्हणाले, "गप बस."

"आत्याबाई म्हणतच होत्या, ह्या वयात कशाला."

"आई म्हणती ते म्हणती. तू लग्नाला गेलतीस, परत आलीस, आरशापुढं हुबी राह्यलीस. मी गोठ्यातनं बघितलं." मग कापूस पिळत "ऱ्हाऊ दे बाबा ते," म्हणाले. मला म्हणाले की त्या जागेला, कळलं नाही.

मला तेव्हा समजलं की मला ते हवं आहे. कापडाचा गोळा, खवा, गिऱ्हाईक ही सगळी सांगायची कारणं. मला ते हवं होतं, आणि ते राहावं म्हणून मी काडीचंही काही करू शकत नव्हते. कॅन्सरच्या रिपोर्टच्या दिवशीसुद्धा मी एवढी हताश नव्हते. तेव्हा निदान पुढं काय करायचं ते सांगणारं कुणीतरी होतं.

रजियाआपांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझं तर सपाट मैदान हाय लताबाई, जळायला काय बी न्हाय." मी हसले. त्या नाही हसल्या. "एक सांगू का? तुमी करून घेतलं तवा मला लई जळायलं व्हतं. मनात. ढाब्यावर आरसा हाय हात धुवायच्या जागी, मी त्याला फडकं लावलंय." ज्यांनी केलं नाही त्यांचंही सगळं सुखाचं नसतं, एवढं त्या दिवशी कळलं.

काळं थांबलं. का थांबलं ते सर्जनबाईंनाही सांगता आलं नाही. खालचा भाग कापून काढला, मांडीची कातडी लावली. राहिला तो लहान आहे, खालून ओढल्यासारखा, चुण्या पडलेला. दोन्ही बाजू आता सारख्या नाहीत. ब्लाउजला डावीकडं आतून अस्तराची एक घडी घालते. लग्नात बायकांना आता सापडतं.

डावं

भट्टीपुढं परत बसायचं नाही असं सर्जनबाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं, मशीन घेतलं. मशीनच्या कढईलाही खाली जाळ लागतोच आणि शेवटचं घोटणं हातानंच करावं लागतं. रेखाकडून ते होत नाही. शेवटी मीच बसायला लागले. पाट वीतभर मागं, मधे लाकडी फळी आणि दांडा लांब करून घेतलेलं उलथणं. कुणी म्हणेल, असं का करते. मला दुसरं काही येत नाही. तुमच्यापैकी कुणाला शिवायचं, विणायचं काम असेल तर सुखी आहात. ज्यांना आगीशी काम आहे त्यांनी आपल्या सर्जनला नुसता हात नाही, सगळं बसणं दाखवावं. भाकरी कशी करता, पाणी कसं तापवता, सगळं. बधिर म्हणजे चुलीपुढं काय होईल ते विचारावं. अंघोळीचं पाणी आधी हातानं बघावं. एवढंच मला सांगता येईल.

पण फळीनं सगळं भागत नाही. काम रंगात आलं की मी पुढं सरकते, मला कळत नाही. त्यावर उपाय आत्याबाईंनी काढला. त्यांना मोतीबिंदूमुळं नीट दिसत नाही. तरी त्या बाज ओढून माझ्या समोर बसतात आणि मी झुकले असं वाटलं की ओरडतात, "डावं!" मी मागं होते. रेखाही आता ओरडते. दूध घालायला आलेले गडी सुरुवातीला लाजून खाली बघायचे. मग एकदा त्यांच्यातलाच एक म्हातारा कॅन ठेवता ठेवता म्हणाला, "लताबाई, डावं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी मागं झाले. खरंच पुढं गेले होते.

ज्या अंगाबद्दल घरात कधी शब्द निघत नव्हता, ते आता गावभर मोठ्यानं ओरडलं जातं. मला हे आवडतं असं म्हणणार नाही. माझी कातडी राखायला मला आंधळी सासू लागते, यात आवडण्यासारखं काय आहे. पण ती नसली की मी बसत नाही. ती लेकीकडं कळंबला गेली होती तेव्हा भट्टी गार होती.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलातून फोन आला. तीच शिकाऊ डॉक्टर मुलगी, आता मोठी डॉक्टर झालेली. वर्षानंतरचे तेच प्रश्न विचारायचे होते. माझा हात उलथण्यावर होता. रेखानं फोन स्पीकरवर ठेवून फळीवर टेकवला.

"मावशी, कपडे घातल्यावर कसं दिसतं? खूप समाधानी, थोड्या समाधानी की असमाधानी?"

"थोडी."

"आरशात बघताना?"

खवा आळत आला होता, हात थांबवता येत नव्हता. मी विचार करत होते. या वेळी खरं सांगायचं ठरवलं होतं. लहान झाला, चुण्या पडल्या, काही कळत नाही, तरी मी रोज बघते. हे कशात बसतं, खूप की थोडं?

"मावशी? आहात ना? बरं, हे अंग आपलंच वाटतं का?"

"डावं!" आत्याबाई बाजेवरून ओरडल्या. "डावं गं, डावं!"

"काय म्हणालात?" मुलीनं विचारलं.

मी मागं झाले आणि उजव्या हाताची पालथी बाजू छातीला लावली. ब्लाउज चांगलाच तापला होता.

"काही नाही," मी म्हटलं. "पुढचा प्रश्न विचार."